पाहुण्याचं ताट

विश्रामबाग, सांगली
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय आज्जी,

जय जिनेंद्र. इकडं आम्ही तिघंही ठीक. तुझा गुडघा काय म्हणतोय? बागेची छाटणी सुरू झाली असेल, म्हणजे गड्यांच्या मागं तुझं तोंडही सुरू झालं असेल. रामगोंडामामाला सांग, मागच्या खेपेचे बेदाणे मी एकटीनंच संपवले. आईला चारच दिले.

फोन करता आला असता. पण तुझा फोन मामा उचलतो आणि स्पीकरवर टाकतो, मग तू दोनदा ‘बरं हाय’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. मला जे मागायचंय ते असं चारचौघांत मागण्यासारखं नाही. आईला या पत्रातलं काही माहीत नाही. आणि हे बघ, वाचता वाचता चिडून ठेवून देऊ नकोस. चिडायला मलाही येतं, तुझीच नात आहे.

आम्ही दिवाळीला येतोय हे मामानं सांगितलं असेल. या वेळी आमच्याबरोबर एक मुलगा असेल. थोइबा. अकरा वर्षांचा आहे, मणिपूरचा. दोन वर्षांपूर्वी तिकडं दंगे झाले, त्यात त्यांचं गाव जळालं. आईवडील अजून छावणीत आहेत, एका मोठ्या हॉलमध्ये चादरींचे आडोसे करून राहतात. पोराची शाळा तरी सुटू नये म्हणून त्यांनी त्याला इकडच्या एका वसतिगृहात पाठवलं. तिथं त्याच्यासारखी बरीच मुलं आहेत. आम्ही कॉलेजातल्या काही जणांनी ठरवलं, दर रविवारी एकेकाला आपल्या घरी आणायचं. अभ्यास, खेळ, घरचं जेवण. मला थोइबा मिळाला.

आता आपल्याकडचं तुला माहीतच आहे. पोर पहिल्यांदा घरी आलं त्या दिवशी आईनं पुऱ्या तळल्या, बाबांनी श्रीखंड आणलं, शोकेसमधलं कप्प्यांचं ताट निघालं. पहिल्या दिवशी ठीक आहे गं. पण वर्ष झालं तरी दर रविवारी तेच! त्यानं पेला उचलला की आई म्हणणार, राहू दे रे बाळा. दुपारी लवंडायला सतरंजी घालायला गेला की बाबा म्हणणार, तू बस. मीही तशीच. त्याच्या वहीला कव्हरसुद्धा मीच घालून द्यायचे. आपण किती चांगले, असं मनातल्या मनात वाटायचं मला. खोटं कशाला सांगू?

एकच गोष्ट खुपायची. तो दप्तर कधी खाली ठेवायचा नाही. जेवतानाही मांडीला टेकून. आत काय होतं? एक शर्ट, दात घासायचा ब्रश आणि आईबापाचा फोटो. रविवारी दुपारपुरता आलेल्या मुलाला ब्रश कशाला लागतो, हे मी कधी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात एका रविवारी जेवण झाल्यावर तो ताट घेऊन मोरीकडं निघाला. आईनं ते हातातून काढून घेतलं आणि ओट्यावर ठेवलं. “अरे, पाहुण्यानं ताट उचलायचं नसतं,” म्हणाली, प्रेमानंच म्हणाली. मग आम्ही जरा लवंडलो. उठून बघतो तर थोइबा नाही. दप्तरही नाही.

आज्जी, आम्ही तिघंही धावलो. बाबा स्कूटरवर एकीकडं, मी सायकलवर दुसरीकडं, आई दारोदार विचारत. शेवटी मलाच सापडला, विश्रामबागच्या स्टेशनवर. बाकावर दप्तर मांडीवर घेऊन ताठ बसला होता. रडत नव्हता. मीच रडत होते.

“कुठं निघालास?” म्हटलं.

“माहीत नाही,” म्हणाला. मग त्याच्या त्या मराठी-हिंदी मिसळून बोलण्यात सांगायला लागला. गाव जळाल्यावर ते सगळे आधी त्याच्या मावशीकडं गेले होते. मावशी लय चांगली. रोज चांगलं करून घालायची, कुणाला कामाला हात लावू द्यायची नाही. आणि एक दिवस काकांनी गाडी आणली आणि त्यांना छावणीत सोडलं. “जिथं काम सांगत नाहीत ना ताई, तिथनं जावं लागतं. तुम्ही सांगतच नव्हता कधी जायचं. म्हणून मीच.”

त्याला सायकलवर मागं बसवला आणि घरी आणला. आईनं त्याला जवळ घेतलं, बाबा पंख्याखाली बसवून सरबत करायला लागले. आणि ओट्यावर त्याचं ते ताट अजून तसंच पडलेलं. ते बघून माझं डोकंच फिरलं.

“हात मोडल्यात काय रं तुझं?” मी ओरडले. “ऊठ, घास ते ताट! इथं नोकर ठेवलाय काय कुणी तुझ्यासाठी?”

बाबांच्या हातातला चमचा तसाच राहिला. ते बोलणं माझं नव्हतंच आज्जी, ते तुझं होतं. शब्द न् शब्द तुझा. आणि थोइबा उठला. ताट घासलं. मग आमचीही ताटं घासली, मग कुकर, मग जिला काही झालं नव्हतं ती कढईसुद्धा. सगळं उपडं घालून झाल्यावर हात पुसत आला आणि दप्तर दारामागच्या खुंटीला अडकवलं. पुढच्या रविवारी येताना ब्रश आणला नाही.

पण वसतिगृहाच्या सरांना ही गोष्ट कळली. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा, पोर हरवलं तर आईबापाला काय तोंड दाखवणार? ते म्हणतात, दिवाळीची सुट्टी त्याची तुमच्याकडं नीट गेली तर इथं ठेवू, परत पळाला तर लांबच्या मोठ्या संस्थेत पाठवावा लागेल. तिथं तो कुणाला ओळखत नाही. म्हणजे पुन्हा दप्तर मांडीवर.

म्हणून सांगते, तो तुझ्याकडं आला की त्याला बाहेरच्या सोप्यात कॉटवर बसवून फराळाची ताटली हातात देऊ नकोस. कामं सांग. शेंगा फोडायला बसव, आकाशकंदील लावायला माळ्यावर चढव. चुकला तर बोल. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणजे जेवायचं, हेही दटावून सांग. मासे नाहीत म्हणून तोंड वाकडं करेल, करू दे.

इथंच पत्र संपवणार होते. इतकंच मागायचंय असं मी स्वतःला सांगितलं होतं.

त्या दिवशी थोइबा भांडी घासत होता तेव्हा आई गॅलरीत जाऊन उभी राहिली. मला वाटलं, मी ओरडले म्हणून रागावली. जवळ गेले तर रडत होती. म्हणाली, “मला माझ्या घरी कुणी एक कपसुद्धा विसळू देत नाही गं.”

तिनं आपल्या जातीधर्माबाहेर लग्न केलं. आधी तुझं दारच बंद होतं. मी झाल्यावर तू दार उघडलंस, पण सोप्यापर्यंतच. तू तिला कधी टाकून बोलली नाहीस, मला माहीत आहे. लोक म्हणतात, कस्तुरीबाईनं लेकीचं किती केलं! नवी कपबशी, नवी ताटली. ती आत यायला लागली की, “राहू दे, तू बस, दमून आलीयास.” मामीला तू दिवसातनं दहादा बोलतेस, मला बोलतेस, दारातल्या मांजरालाही बोलतेस. आईला मात्र एकदाही नाही. आणि आई, तुझ्याकडं असेपर्यंत, पर्स मांडीवरनं खाली ठेवत नाही. मी लहानपणापासून बघतेय. मला ते थोइबाकडं बघून कळलं.

तुझा राग गेलाय की नाही, ते मी विचारत नाही. तो तुझा तू बघ. पण राग असला तर ओरड ना तिच्यावर! पोटात ठेवून वर चहा कशाला देतेस?

आम्ही शनिवारी दुपारच्या एसटीनं येतोय. निघताना आईची पर्स मी माझ्या पिशवीत तळाला टाकणार आहे आणि पोचल्यावर देणारच नाही. ती सोप्यात अवघडून उभी राहील, हातांचं काय करावं तिला कळणार नाही. चहा पिऊन होईल. मग आज्जी, तू एवढंच कर. उठू नकोस, कप तिच्या हातातनं घेऊ नकोस. जागेवरनंच ओरड, “स्वप्नाली, हात मोडल्यात काय गं तुझं?”

तुझ्या ओरडण्याची वाट बघणारी,
तुझ्या लेकीची लेक
स्वानंदी