पुलापलीकडची बटणं

तीर्थरूप काकूंना पुतणीचा वाकून नमस्कार.

एवढं शिकून तू त्या दवाखान्यात नेमकं करतेस काय, असं लेकीकडे जायला निघताना तुम्ही विचारलंत. तेव्हा तुमची गाडी सुटत होती, म्हणून आता लिहिते. तुमचा गुडघा कसा आहे? नातू झोपू देतो ना? काका मजेत आहेत (तुम्ही नाही म्हणून वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात).

तर झालं असं. प्रसूती विभागात केसपेपर लावताना लक्षात आलं, की कावीळ झालेल्या गरोदर बायका बहुतेक पुलापलीकडच्या. घरातली पहिली पदवीधर, गप्प कशी बसणार! शहराचा नकाशा भिंतीवर लावला आणि दर रुग्णामागे बाबांच्या शिलाईच्या डब्यातलं एक लाल बटण त्यावर चिकटवलं (टाचण्यांचा अर्ज अजून मंजुरीला आहे). अलीकडे चार बटणं, पलीकडे एकसष्ट. मोठ्या डॉक्टरांना बोलावून दाखवलं. चहा घेत ते म्हणाले, त्या लोकांचा वंशच वेगळा, रक्तातच असतं ते. मी नम्रपणे म्हटलं, की त्याच वंशाच्या ज्या बायका पुलाच्या अलीकडे राहायला आल्यात, त्यांना काही होत नाही. मग रक्त काय पूल ओलांडताना बदलतं? तेवढ्यात बटणांच्या भाराने नकाशा पलीकडच्या बाजूने फाटला आणि पुलासकट त्यांच्या चहात पडला.

शिक्षा म्हणून मला पलीकडे प्रचाराला पाठवलं (मला आधी ती बढती वाटली). 'पाणी उकळून प्या' असा फलक घेऊन मी तासभर बोलले. बायकांनी माना डोलावल्या, घरातली एकुलती खुर्ची दिली आणि घसा कोरडा पडला असेल म्हणून तांब्याभर पाणी दिलं. न उकळलेलं. नको म्हणावं तर त्यांचा अपमान, प्यावं तर माझं भाषण खोटं. प्यायले (तब्येत ठीक आहे, बाबांना कळवू नका). मग नळ पाहिला. अर्धा तास येतो, तोही गटाराला खेटून.

गर्दीत सातव्या महिन्यातली एक बाई होती, डोळे हळदीसारखे पिवळे. ती शांतपणे म्हणाली, "ताई, पाणी उकळते की मी. रोज दोन पातेली. पण दुसऱ्यांच्या घरी." तपासणीला का आली नाही, असं विचारलं, तर दवाखान्यात रक्त आठ ते अकरा घेतात आणि तिचं कामही आठ ते अकरा. मी फलक गुंडाळला.

बाकी सगळं ठीक. नातवाला पापा.

तुमची आज्ञाधारक
पुतणी

ता. क. ते दुसऱ्यांचं घर म्हणजे तुमचं. ती तुमची कामवाली. रजा मागायला तुम्हाला घाबरते (मीही).

आणखी ता. क. तिला मी त्याच दिवशी दाखल केलं. आठवडा उशीर झाला असता तर दोन जीव हातचे गेले असते, असं नर्स म्हणाली. आता दोघं ठीक आहेत. तुमची भांडी सध्या मी घासते. रजा द्याल का, असं विचारायलाच खरं तर पत्र लिहायला बसले होते. पण टपालाला चार दिवस लागतात. म्हणून बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंतची भरपगारी रजा तुमच्या नावाने लिहून, काकांची सही घेऊन, काल तिच्या हातात दिली. तिने तुम्हाला तोंडभरून आशीर्वाद दिले. ते मी तुमच्या वतीने घेऊन टाकले.