पुस्तक बांधणीला गेले आहे

सोमवार, ४ मार्च
लसींच्या सुरक्षिततेविषयीचे ते वादग्रस्त पुस्तक अखेर वाचनालयात दाखल झाले. ग्रंथपाल सर मला, त्यांच्या साहाय्यिकेला, म्हणाले, मांडा नव्या पुस्तकांच्या फळीवर. मी नम्रपणे सुचवले, की असा ग्रंथ कोणी वाचावा यास काही निकष हवेत. सर चष्मा पुसत म्हणाले, "मग ठरवा तुम्हीच. बोर्डात आलेल्या आहात." आठ वर्षे झाली, तरी लोक आठवण ठेवतात.

मंगळवार, ५ मार्च
निकष निश्चित केले: तर्कनिष्ठा, संयम, आणि तळटीपा वाचण्याची सवय. वहीत दोन रकाने आखले: पात्र आणि अपात्र. पात्र वाचक: १. मी. दुसरे नाव अद्याप सुचलेले नाही.

गुरुवार, ७ मार्च
लसीकरण केंद्रातील सिस्टर आल्या. आठवड्याला दोन रहस्यकथा नेतात. आज नेमके तेच पुस्तक मागितले. "बाळांच्या आया रोज त्यातलं काहीतरी विचारतात हो. एकदा डोळ्यांखालून घालू दे मला."
रहस्यकथा वाचणारी व्यक्ती शेवटचे पान आधी पाहते. अपात्र. पुस्तक बांधणीला गेले आहे, असे सांगितले.
"कोरं पुस्तक? बांधणीला?"
कणा कच्चा होता, असे म्हणाले. खोटे बोलताना माझे कान तापतात. केसांनी झाकले.
पुस्तक घरी आणले. केवळ संरक्षणार्थ.

रविवार, १० मार्च
पान ४१ पर्यंत आले. गोवराच्या लसीच्या दुष्परिणामांचे आकडे. पेन्सिलीने अधोरेखित केले. (वाचनालयाच्या पुस्तकांवर रेघोट्या ओढणाऱ्यांची मला मनस्वी चीड आहे, परंतु हा अभ्यास आहे.) पानाच्या तळाशी ठळक अक्षरांत 'अरे देवा!' असे लिहून पुस्तक मिटले. मन अत्यंत शांत आहे. दाराची कडी दोनदा पाहिली.
चिमणीला, म्हणजे माझ्या नऊ महिन्यांच्या भाचीला, मंगळवारी गोवराचीच लस द्यायची आहे. दादा फिरतीवर, वहिनीची कारखान्यात सकाळची पाळी. वहिनी म्हणाली, "आत्याबाई, तुमच्याशिवाय आहे कोण?" मी 'हो' म्हणाले. आवाज बहुधा बाहेर आला नसावा. तिने दोनदा विचारले.

मंगळवार, १२ मार्च
केंद्र. बाकावर आमचा क्रमांक दहावा. सिस्टरांनी सर्वांना समजावले, की एका कुपीत दहा डोस असतात, म्हणून दहा बाळे जमल्यावरच ती फोडतात. इतक्यात चिमणी शिंकली. एकदाच. शिंकणाऱ्या बाळाला टोचू नये, हे सामान्य ज्ञान आहे. निदान असावे. सिस्टर आत वळताच उठले.
वहिनीला सांगितले, फार गर्दी होती.

मंगळवार, १९ मार्च
केंद्राच्या फाटकापर्यंत गेले. संयम राखून परतले. वहिनीला सांगितले, लस संपली होती. ती म्हणाली, पुढच्या वेळी मीच रजा टाकते. मी म्हणाले, छे, मी आहे ना.
संकल्प: पान ४१ चा साकल्याने पुनर्विचार. उद्या.

शुक्रवार, २२ मार्च
मागच्या गल्लीतील एका बाळाला गोवर निघाला. इस्पितळात आहे. वहिनी घटकेघटकेला चिमणीच्या अंगाला हात लावून पाहते आणि म्हणते, "तरी बरं, तुम्ही दोनदा खेटे घातलेत." पुस्तक समोर होते. उघडले नाही.

मंगळवार, २६ मार्च
हे लिहायचे नव्हते.
चिमणीला घेऊन केंद्रात गेले. सिस्टरांनी पाहताच फैलावर घेतले. "त्या दिवशी कुठे पळालात हो? तुमच्या पोरीला धरून दहा मोजले, कुपी फोडली. चार तासांनी एक डोस फेकला मी." स्वसमर्थनार्थ मी आकडे सांगितले. पृष्ठ क्रमांकासह.
सिस्टर कापूस हातात धरून थांबल्या. "बांधणीला गेलेलं पुस्तक पाठ कसं हो तुम्हाला?"
एवढ्यावर भागते तर बरे होते. बाकावरची एक आई बाळाला पोटाशी धरून उठली. म्हणाली, "एवढ्या शिकलेल्या बाई घाबरतात, मग आमचं काय?" आणि दाराकडे निघाली.
सिस्टर मला म्हणाल्या, आता तुम्हीच सांगा त्यांना.
वक्तृत्वाची तीन पदके आहेत माझ्याकडे. चिमणीला मांडीवर घेऊन बसले आणि तिचा दंड पुढे केला. चिमणी अर्धा मिनिट रडली. मी त्याहून अधिक. ती आई दारातून पाहत होती. मग म्हणाली, "आत्या रडतीये नुसती, पोरगी तर हसायला लागली," आणि परत येऊन बसली.
कार्डावरची तारीख पाहून वहिनी म्हणाली, "तुमच्यामुळे झालं हो." यापेक्षा तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर बरे वाटले असते.

बुधवार, २७ मार्च
पुस्तक सिस्टरांना दिले. कणा कसा आहे, असे त्यांनी विचारले. त्यांना माझा म्हणायचे असावे.

शनिवार, ३० मार्च
पुस्तक परत आले. सिस्टरांनी शेवटचे पान आधी पाहिले. पण नंतर उरलेली सर्वही वाचली. पान ४१ च्या तळाशी बारीक अक्षरांत तळटीप आहे: हे आकडे फार पूर्वी बंद झालेल्या एका जुन्या लसीचे आहेत. तळटीप माझ्या 'अरे देवा!'च्या खाली गेली होती.
खुणा पाहून सर संतापले. मला म्हणाले, सूचना लिहा: पुस्तक विद्रूप करणाऱ्याचे नाव कळवावे. तुमचे अक्षर चांगले आहे. लिहिली. फलकावर लावलीही.
सिस्टरांनी सूचना वाचली, माझ्याकडे पाहिले. "अक्षर खरंच छान आहे. दोन्हीकडचं." सरांना काही बोलल्या नाहीत. रहस्यकथा घेऊन गेल्या.
सोमवारी सरांना सांगणार. त्याआधी, उद्याच, वहिनीला. नक्की.
वही काढली. पहिल्या रकान्यातील एकमेव नाव खोडले. दुसऱ्यात सिस्टरांचे होते, तेही खोडले आणि त्याखाली माझे लिहिले. अक्षर मुद्दाम वाईट काढले.