मुंजादादाचे वाफे

बंगळूर, मंगळवार

प्रिय मुंजादादा,

तुला आणि कमलवहिनीला वाकून नमस्कार. आम्ही मायलेकी मजेत आहोत. गुडघ्याला तेल लावतोस ना?

आज आनंदानं अक्षर वाकडं येतंय. माझ्या कॉन्व्हेंट शाळेच्या सिस्टरांनी छडीच दिली असती!

राजेश्रीच्या विमान कंपनीत सामान, तिकिटं, वैमानिकांच्या पाळ्या, सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये गुंतलेलं होतं. एक अडलं की सगळी विमानं जमिनीवर, आणि तासाला लाखोंचं नुकसान. ते सुटं करायचं ती म्हणायची, पण साहेब खर्चाला भीत होते. मग मी तिला वालूरच्या आपल्या कांद्याची आठवण सांगितली. दर वाफ्याला वेगळा बांध घालत तू म्हणायचास, "एक फुटला तर फुटू दे शके, बाकीच्यायला झळ लागू द्यायची न्हाई." तिनं मीटिंगमध्ये फळ्यावर तेच वाफे काढले आणि साहेब तयार झाले.

आज नव्या रचनेचा पहिला दिवस. सकाळी दहाला सामानाचा भाग बंद पडला. तिचा फोन आला तेव्हा मी देवापुढं दिवा लावला. पण बाकी सगळं चालू राहिलं. सामानाच्या चिठ्ठ्या हातानं लिहिल्या आणि एकूण एक विमान उडालं!

साहेबांनी विचारलं, "कुठं शिकलीस हे?"

"मामाकडं. कांदे लावतो."

दादा, रेल्वे तुझ्या गुडघ्याला झेपत नाही, आणि विमानाचं नाव काढलं की म्हणतोस, "यंत्राच्या भरवशावर आभाळात जायचं न्हाई." आता ते तुझ्याच भरवशावर चाललंय. तिकीट काढू ना?

तुझी वाट बघणारी,
शकू