तपासनीसाच्या चावीची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, निवृत्त मुद्रितशोधक, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. वकीलबाईंच्या मसुद्यात ‘लिहून देते ऐसाजे’ होतं, ते मी खोडलं. त्यांनी सगळीकडे ‘केले’, ‘दिले’, ‘ठेवले’ असं घातलं होतं, ते मी ‘केलं’, ‘दिलं’, ‘ठेवलं’ असं परत आणलं. मी असंच बोलते. कायद्याला चालतं का, असं विचारलं तर म्हणाल्या, "चालतं हो, पण बरं दिसत नाही." बरं दिसायचं माझं वय गेलं.

माझा मेंदू शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाचा दाखला मी मागितला नव्हता, आणि मिळालाही नसता.

१. यापूर्वी केलेलं माझं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात मी ‘तपासनीस’ या प्रोग्रामची चावी माझ्या मुलाला दिली होती. चिरंजीवांनी मी मरायची वाट न बघता ती वापरली. मी मेले नव्हते, एवढीच काय ती अडचण होती. सविस्तर पुढे येईल.

२. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि रस्त्याकडची गॅलरी, सुनेला. मुलाच्या नावाने नव्हे, सुनेच्या. त्याने तिथे राहायला माझी हरकत नाही, तिची नसेल तर. बँकेत जे काही उरलं असेल तेही तिलाच. इस्पितळात माझ्या उशाशी बसून ती मला पेपर मोठ्याने वाचून दाखवायची आणि छपाईची चूक आली की थांबून म्हणायची, "आई, इथे तुम्ही ओरडला असता."

३. यजमान छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि मी त्याच छापखान्यात त्यांनी जुळवलेल्या पानांतल्या चुका काढायचे. लग्न अशा माणसाशी करू नये, असं सगळे म्हणाले होते. त्यांचा खिळे उचलायचा चिमटा आणि माझं भिंग ही जोडी फोडायची नाही. दोन्ही सुनेकडे राहतील. तिला उपयोग नसेल तर तिने चिमट्याने काटा काढावा.

४. आता तपासनीस.

वकीलबाईंना हे समजावताना माझी अर्धी सकाळ गेली, म्हणून इथेही सोपं करून लिहिते. छापखाना बंद पडला तेव्हा मी पन्नाशीला आले होते. घरी बसून काय करायचं, म्हणून पुस्तकं आणून प्रोग्राम लिहायला शिकले आणि मराठी लिहिताना झालेल्या चुका दाखवणारा एक प्रोग्राम तयार केला. जन्मभर पानांच्या कडेला ज्या खुणा केल्या, त्याच आता यंत्राकडून करून घ्यायच्या होत्या. शब्द मी सांगायचे, यजमान शेजारी बसून नाही म्हणायचे. झाल्यावर मी तो इंटरनेटवर खुला ठेवला. परवानाही तसाच लावला: कोणीही घ्यावा, वापरावा, बदलावा, पुढे द्यावा, विचारायला येऊ नये. यजमान म्हणाले, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायची तुला हौसच आहे." भाजल्या. आज कितीतरी फोनांमध्ये चुकलेल्या शब्दाखाली जी लाल रेघ येते, ती तपासनीसाची आहे.

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, मग हे तर तुम्ही आधीच सगळ्यांना देऊन टाकलंय. मृत्युपत्रात लिहायला तुमच्या मालकीचं यात उरलं काय?"

"चावी," मी म्हटलं.

प्रत कोणीही घ्यावी, पण मूळ तपासनीसात कोणता बदल घ्यायचा आणि कोणता नाही, हे ज्याच्याकडे पासवर्ड असेल तो ठरवतो. त्या पासवर्डाला आम्ही चावी म्हणतो. ज्याच्या हाती चावी, त्याची लाल रेघ.

५. तपासनीसाबद्दल चर्चा करायला एक मंडळ होतं, इंटरनेटवरच. त्यात मी ‘मुद्रितशोधक’ या नावाने लिहायचे. सगळे मला ‘सर’ म्हणायचे. मी खोटं बोलले नाही, फक्त दुरुस्त केलं नाही. मराठीत दडायला जागा पुष्कळ आहेत. ‘मी पाहिलं’, ‘मला वाटतं’, ‘बदल केला आहे’, ‘कळवावं’: यात बाई की बुवा काही कळत नाही. ‘करतो’ की ‘करते’ याच्या जवळ जायचं नाही, एवढं सांभाळलं की झालं. मी वर्षानुवर्षं सांभाळलं. सर म्हणतील ती पूर्वदिशा होती. मी एखादा नियम नाकारला की मंडळ म्हणायचं, "सरांनी विचार केला असेल."

यजमान गेले त्या आठवड्यात तक्रारींचा ढीग पडला होता. ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’खाली उगाच लाल रेघ येत होती. मी मंडळावर लिहिलं: "घरी दुःखद घटना घडली आहे. यजमान गेले. अर्ध्या ‘र’चं पुढच्या आठवड्यात बघते."

बघते. आणि त्याआधी ‘यजमान’. गेली तिथेच सगळी अब्रू.

पहिलं उत्तर आलं: "म्हणजे सर बाई आहेत???" पुढे हसरे चेहरे. दुसरं आलं: "वाईट वाटलं. पण पुढचा आठवडा म्हणजे नक्की कोणत्या वारी? आमचं काम अडलंय."

दुसरं उत्तर लिहिणाऱ्या गृहस्थांना या मृत्युपत्राने कळवण्यात येतं की अर्ध्या ‘र’चं मी त्याच आठवड्यात, घरात भेटायला येणारी माणसं बसलेली असताना, आतल्या खोलीत बसून केलं. पोच आलेली नाही.

६. त्या दिवसापासून मी ‘ताई’ झाले. ताई हा शब्द माझ्या धाकट्या भावाच्या तोंडी मला फार गोड लागायचा. मंडळावर त्याचा अर्थ ‘जरा बाजूला बसा’ असा आहे. मंडळात एक जण होता, सगळे त्याला आचार्य म्हणायचे, कारण तो प्रत्येक गोष्टीवर आधी प्रवचन द्यायचा. त्याने लिहिलं, "ताई, तुम्ही शब्दांचं बघा. कोडचं टेन्शन घेऊ नका, ते आम्ही बघतो." मग जोडाक्षरं कशी तोडतात, हे त्याने मला समजेल अशा सोप्या भाषेत पानभर समजावलं. ज्या कोडावरून तो समजावत होता ते माझं होतं. त्यात माझी एक चूक होती, तीसुद्धा त्याने जशीच्या तशी समजावली.

सबब, मला इतकी वर्षं दिलेला ‘सर’ हा शब्द मी आचार्यांना परत करते. वापरलेला आहे, पण चांगल्या स्थितीत आहे.

७. एकच माणूस बदलला नाही. मंडळात तो स्वतःला शंकासुर म्हणवून घेतो. खरं नाव, गाव, वय मला ठाऊक नाही. तपासनीसाच्या पहिल्या वर्षापासून तो माझ्या मागे लागलेला. आमचा मुख्य तंटा ‘केलं’चा. त्याचं म्हणणं, लिहिताना ‘केले’च हवं, ‘केलं’खाली लाल रेघ आलीच पाहिजे. माझं म्हणणं, माणसं जे दिवसभर बोलतात ते चूक कसं? आपल्या आईला चिठ्ठी लिहिणाऱ्या माणसाला मी लाल रेघ दाखवणार नाही. यावर आम्ही इतकं भांडलो आहोत की मधल्या काळात मंडळातली कितीतरी माणसं आली, कंटाळली आणि गेली.

मी ‘बघते’ लिहिलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं: "मुद्रितशोधक, तुमचा ‘केलं’चा नियम चूक आहे. काल चूक होता, आजही चूक आहे. यजमान गेल्याचं वाचलं. उत्तराची घाई नाही. पण चूक आहे."

यजमान गेल्यावर मी पहिल्यांदा रडले ती हे वाचून.

८. गेल्या वर्षी मला हृदयाचा झटका आला. मी अतिदक्षता विभागात असताना आचार्य माझ्या मुलाला रोज फोन करत होते. चावी मुलाला ठाऊक होती, कारण पहिल्या मृत्युपत्राप्रमाणे ती त्याचीच व्हायची होती. घरी आल्यावर मी संगणक उघडला, तर तपासनीस मला आत घेईना. मुलाला हाक मारली.

"अगं, चावी मी आचार्यांना देऊन टाकली," तो म्हणाला. "किती छान बोलतात ते. फार आदर आहे त्यांना तुझ्याबद्दल."

"माझ्याबद्दल आहे ना? मग मला विचारायचं."

"तू नळ्यांत होतीस आई! आणि किती दिवस त्या भांडणांत पडून राहणार आहेस? मिळालं काय तुला त्यातून? हा झटकाच ना?"

"अरे, ती माझी होती."

"फुकट वाटलेल्या गोष्टीत माझं-तुझं कसलं आलंय?"

सून म्हणाली, "पुरे आता," आणि त्याला बाहेर घेऊन गेली. तो वाईट नाही. त्याला वाटलं, आईच्या डोक्याचा ताप गेला. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात तसं झालं, आणि चावलेलं मी विसरणार नाही. म्हणून चिरंजीवांना मी माझा जुना कीबोर्ड ठेवते. त्याला पासवर्ड लागत नाही.

९. आयत्या बिळावर नागोबा बसला की आधी बिळाची डागडुजी करतो. आचार्यांनी मंडळात जाहीर केलं, "ताईंच्या आशीर्वादाने तपासनीस आता नव्या हातांत." माझं नाव कर्त्यांमधून काढून खाली ‘विशेष आभार’मध्ये घातलं, तपासनीसाच्या चिन्हाचं चित्र काढून देणाऱ्याच्या खाली. आणि ‘केलं’ चूक ठरवलं. ‘गेलं’, ‘झालं’, ‘बरं’ही ठरवलं. कोणाशी वाद न घालता, एका दुपारी.

सुनेने मला बाजारातून फोनवर लिहिलं, "आई, सगळं मिळालं." मग स्वतःच घरी येऊन विचारू लागली, "आई, यात काय चुकलंय हो? माझ्या प्रत्येक शब्दाखाली लाल येतंय." मी लिहिलेला प्रोग्राम माझ्या घरातल्या माणसाला सांगत होता की तू बोलतेस ते अशुद्ध आहे. तो संताप अजून उतरलेला नाही.

१०. मग मी माझा परवाना पुन्हा वाचला. कोणीही घ्यावा, बदलावा. कोणीही, म्हणजे मीसुद्धा. माझ्याच प्रोग्रामची प्रत मी परक्यासारखी उतरवून घेतली, ‘केलं’ पुन्हा बरोबर केलं आणि ती दुसऱ्या जागी उघडी ठेवली. मंडळात तसं कळवलं. आचार्यांनी लिहिलं, "ताईंच्या भावनांचा आदर आहे, पण फाटे फोडू नयेत." बाकीच्यांची गरज सरली होती. नव्या प्रतीकडे काळं कुत्रंही फिरकलं नाही.

फिरकला तो शंकासुर. "‘केलं’ चूक आहे," त्याने येऊन लिहिलं.

मी लिहिलं, "तिकडे तुमच्या मनासारखं झालं आहे. इथे का आलात?"

"तिकडे कोणाला काही विचारलं, तर ‘हो सर’ म्हणतात," त्याने लिहिलं. "तुम्ही गेल्या खेपेला दिलेलं तिसरं उदाहरण अजून माझ्याकडून खोडून निघालेलं नाही."

आम्ही वर्षभर तिथे भांडतो आहोत. दोघंच.

११. नव्या प्रतीची चावी हीच आता माझी खरी इस्टेट. तिच्याशिवाय ‘केलं’ला राखणारं कोणी नाही. सुनेला विचारलं. ती म्हणाली, "आई, मी चिमटा सांभाळीन, घर सांभाळीन. हे मला झेपायचं नाही, आणि तुम्हाला खोटं सांगायचं नाही." खरं बोलली. माझ्या ओळखीत तपासनीसाची ओळ न् ओळ वाचलेला माणूस एकच. त्याने ती मला खोटं पाडायला वाचली, पण वाचली. वकीलबाई म्हणाल्या, "शंकासुर नावाने काही देता येत नाही हो. नाव-पत्ता मागून घ्या." मी मागितला. लिहिलं की माझी तब्येत बरी नाही, चावी तुम्हाला ठेवायची आहे.

त्याचं उत्तर आलं:

"मला देऊ नका. माझ्या हातात आली तर पहिल्याच दिवशी मी ‘केलं’ काढून टाकीन. मग मला फार वाईट वाटेल."

सबब, या चावीला वारस नाही. ती माझ्याबरोबर संपेल. प्रत उघडी आहे, उघडीच राहील. माझ्यानंतर ज्या कोणाला ‘केलं’ बरोबर आहे असं वाटेल, त्याने किंवा तिने आपली प्रत घ्यावी, स्वतःची चावी करावी आणि शंकासुरांना तसं कळवावं. ते वाट बघत असतील.

वरचा मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि स्वतः तपासला. सही आम्हा तिघींची, एकमेकींच्या देखत.

सही: मुद्रितशोधक

साक्षीदार पहिली: शेजारच्या निवृत्त परिचारिका. (बाईंना मी अठ्ठावीस वर्षं ओळखते. शुद्धीवर आहेत. रागात आहेत.)

साक्षीदार दुसरी: वकीलबाईंच्या कचेरीतल्या टंकलेखिका. (मजकूर लिहून दिला तसाच टंकला. माझ्या यंत्राने जवळजवळ सगळ्याखाली लाल रेघ दाखवली. बाईंच्या सांगण्यावरून काहीही बदललं नाही.)

स्थळ: राहत्या घरातलं जेवणाचं टेबल.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तोच.