गॅलरीत मावणारी खाट

भांडुप
ता. १३ जानेवारी १९८५

ती. नानांस, जयवंतचा साष्टांग नमस्कार. ती. आईस नमस्कार, चि. मालनला आशीर्वाद. वि. वि.

जागा मिळाली. मुलुंड पूर्वेला, दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बंद गॅलरी. मालक श्री. मधुकर कारखानीस शेजारच्याच बिऱ्हाडात राहतात. करार अकरा महिन्यांचा, पण माणसे नीट राहिली तर ते दर वेळी नवा करून देतात. दहा फेब्रुवारीपर्यंत त्यांनी जागा आपल्यासाठी थांबवली आहे आणि किल्लीही दिली आहे. काल मी पट्टी घेऊन सगळे मोजले. त्यांच्या सौ. कुंदाबाई दारातून बघत होत्या. पुष्कळ भाडेकरू पाहिले, पण मोरी मोजणारा पहिलाच, असे म्हणाल्या.

गिरणीच्या संपात तुम्ही गावी गेलात, त्याला अडीच वर्षे झाली. इथे भांडुपच्या एका खोलीत आम्ही गावचे सात जण पथाऱ्या टाकतो. आता आपले चौघांचे घर होईल. मालनचे नाव जूनमध्ये इथल्या शाळेत घालू. आई आणि मालन आतल्या खोलीत, मी बाहेरच्या. तुमची खाट सहा फूट बाय अडीच, गॅलरी साडेसहा बाय सव्वातीन. म्हणजे बरोबर बसते.

एक गोष्ट लिहितो, राग मानू नये. आमच्या घरात कोणी आजारी नाही, असे मी मालकांना सांगितले आहे. त्यांची गॅलरी आपल्या गॅलरीला लागून आहे आणि सकाळी ते तिथे पेपर वाचतात. म्हणून पहिले दोन महिने तरी सकाळची खोकल्याची उबळ आली की तुम्ही मोरीत जाऊन नळ सोडावा. आवाज जाणार नाही. पाणी सहा ते आठ असते.

पत्र दोनदा तपासले आहे. होकाराची वाट पाहतो.

आपला आज्ञाधारक,
जयवंत


आंबेरी
ता. २३ जानेवारी १९८५

चि. जयवंत यास नानांचे अनेक आशीर्वाद. अक्षर मालनचे, बोलणे माझे.

तुझे पत्र मालनने ओटीवर सगळ्यांना वाचून दाखवले. तुझ्या आईने तर पाटा-वरवंटा न्यायचा की तिथे घ्यायचा, इथपर्यंत मजल मारली. पण नव्या घरात जाण्याआधी आपल्यात देवाला विचारतात. मला गिरणीत धाडले तेही तुझ्या आजोबांनी कौल घेऊनच. म्हणून सोमवारी रवळनाथाकडे गेलो. सहदेव गुरवाने गाऱ्हाणे घालून देवाला फुलांचे कळे लावले. उजवा पडेल म्हणून बराच वेळ उभा राहिलो. डावा पडला. देव नको म्हणतो, तिथे आपण काय करणार?

जागा चांगलीच असणार, तू मोजली आहेस. मालकांना माझा नमस्कार सांग आणि किल्ली परत दे. इथे कलमांना मोहर धरला आहे, राखणीला माणूस लागते. शिवाय आपल्याकडे नळ नाही, त्यामुळे मला त्याची सवयही नाही.

वेळेवर जेवत जा. आमची काळजी करू नको.

तुझे,
नाना


आंबेरी
ता. १९ फेब्रुवारी १९८५

प्रिय दादास मालनचा नमस्कार. वि. वि.

तुझे कार्ड पोचले. किल्ली परत दिलीस हे वाचून आई चुलीपुढून उठलीच नाही. हे पत्र मी शाळेतून टाकते आहे, घरी कोणाला माहीत नाही.

काल विहिरीवर सहदेवकाका भेटले. मुंबईला कधी निघता, म्हणून विचारू लागले. म्हणाले, एवढा झटपट उजवा कौल त्यांनी वर्षात पाहिला नव्हता. गाऱ्हाणे पुरते संपायच्या आत कळा पडला. मी घरी येऊन नानांना विचारले. नाना पायरीवर बसून दोर वळत होते. म्हणाले, देवान काय सांगलान ता माका ठावक, तू तुझो अभ्यास कर. मग बराच वेळ खोकत राहिले.

दादा, चूक माझी आहे. तुझे पत्र वाचताना ती नळाची ओळ मी गाळायला हवी होती. पण जसे लिहिले आहे तसे वाचावे, एक अक्षर सोडू नये, हे तूच मला शिकवलेस. ती ओळ वाचली तेव्हा नाना हसले होते. आई हसली नाही. त्या दिवसापासून खोकला आला की ते उठून गोठ्यामागे जातात. इथे कोण ऐकणार आहे सांग. आता तर गाय पण नाही.

मी सांगितले हे त्यांना कळू देऊ नकोस. आणि तुझ्या त्या पट्टीला एकदा खाडीत बुडव.

तुझी लाडकी (अजून असले तर),
मालन


भांडुप
ता. ३ मार्च १९८५

ती. नानांस, जयवंतचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

माझी पट्टी मुलुंडला राहिली होती, म्हणून आज सकाळी गेलो. जागा दुसऱ्यांना गेली. अकरा महिन्यांनी जागा सुटली तर कळवतो, असे कारखानीस म्हणाले, पण ते लोक सोडतील असे वाटत नाही. घर त्यांनी छान लावले आहे.

गॅलरीत त्या नव्या भाडेकरूंचे वडील बसले होते. तेही गिरणीतलेच असावेत. खोकत होते, अगदी मोकळेपणी. पलीकडच्या गॅलरीत कारखानीस पेपर वाचत होते. मध्येच उठून त्यांनी कठड्यावरून त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि पेपरातले अर्धे पानही दिले. मी पट्टी घेऊन जिन्यात थोडा वेळ उभा राहिलो.

नाना, जानेवारीच्या पत्रात मी एक गोष्ट अर्धीच लिहिली होती. आमच्या घरात कोणी आजारी नाही, असे मी मालकांना सांगितले, ते खरे. पण त्यांनी तसे विचारलेच नव्हते. घरात माणसे किती, एवढेच त्यांनी विचारले होते. पुढचे मी आपणहून बोललो.

मे महिन्यात रजा मिळाली की गावी येतो. तोवर दुसरी जागा शोधत नाही. आलो की आपण दोघे बरोबर मुंबईला येऊ, तुम्ही आधी बघा, मालकांशी तुम्हीच बोला.

आईला सांगा, पाटा-वरवंटा राहू द्यावा, विकू नये. आणि तुमचा खोकला कसा आहे, ते मालनकडून लिहवून कळवा. इतक्या पत्रांत मी ते एकदाही विचारले नाही.

तुमचा,
जयवंत