‘हर्ट’ या शब्दाबद्दल तक्रार

रविवार, १२ मार्च
आज संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी, हॉलच्या दारात, पोटच्या मुलीने चारचौघांत मला सांगितलं की मी तिला हर्ट केलं. चारचौघांत माझे दीर होते आणि शेजारीण होती. म्हणजे उद्यापर्यंत सगळ्या जिन्याला कळेल.

घडलं ते असं. ह्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून आठवणींचा कार्यक्रम होता. मुलगी बोलायला उभी राहिली. म्हणाली, शाळेत जाताना बाबा माझ्या वेण्या घालायचे, एक वर, एक खाली, आणि मी तशीच जायचे. लोक हसले. मी उठून सांगितलं, चूक, वेण्या मी घालायचे. एवढंच. खोटं खपवून घ्यायचं का? तिने हातातला कागद दुमडला आणि खाली बसली. मग दारात गाठून म्हणे, आई, आजचा दिवस तरी सोडायचास. यू हर्ट मी. नेहमीच करतेस.

नेहमीच!

सोमवार, १३ मार्च
कॉन्व्हेंटमध्ये हर्ट फक्त गुडघ्याला होत असे. सिस्टर विचारायच्या, व्हेअर डझ इट हर्ट? बोट ठेवून दाखवायचं. आयोडिन लागायचं, विषय संपायचा. हल्ली सगळे जण हर्ट होतात आणि जागा कोणालाच दाखवता येत नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी सुपरवायझर असताना तक्रारवहीत फॉल्ट होता, डॅमेज होतं, एकदा शॉक लागून इंज्युरीही झाली. हर्टची एकही नोंद नाही.

ती रोज आठला फोन करते. आज उचलणार नाही.

रात्री : फोन आला नाही. त्यामुळे न उचलण्याचा प्रश्न आला नाही. निश्चय कायम आहे.

बुधवार, १५ मार्च
फोन बंद पडला असावा. शेजारणीकडे जाऊन तिच्या फोनवरून माझा नंबर लावला. भिंतीपलीकडे खणखणीत वाजत होता.

शेजारीण म्हणाली, ताई, रागावू नका, पण मला तर तेच दिसायचं. दूध घ्यायला दार उघडलं की पोरगी खालच्या पायरीवर, तिचे बाबा वरच्या पायरीवर, दातांत रिबीन धरलेली. बोलता यायचं नाही म्हणून मानेनेच मला नमस्कार करायचे. मी विचारलं, आणि मी कुठे असायचे? म्हणाली, तुम्ही ड्यूटीवर, अजून कुठे?

हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. साक्षीदार म्हणून बाद. (ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. तरीही बाद.)

गुरुवार, १६ मार्च
हात कधी विसरत नाहीत. सिद्ध करायचं ठरवलं. खुर्चीच्या पाठीला लोकर बांधली आणि दोन वेण्या घातल्या. दोन्ही सुटल्या. हल्लीची लोकर निसरडी असते. पुन्हा घातल्या. एक वर झाली, एक खाली. खुर्चीच वाकडी आहे.

ह्यांनी हे कोणाकडून शिकून घेतलं असेल? मला कधी विचारलं नाही.

शनिवार, १८ मार्च
दिरांचा फोन. पहिल्याच रिंगला उचलला गेला. जवळच बसले होते. म्हणाले, वहिनी, तुम्हीच करा तिला फोन, पोर रडतेय. मी विचारलं, नक्की कुठे दुखतंय ते विचारलंत का? मग म्हणाले, वहिनी, एक्स्चेंज सुटलं, पण तुमचा हेडफोन काही कानावरून उतरला नाही. आणि ठेवला.

उद्धट माणूस. भावाची सर नाही.

दुपारी शाळेत बक्षीस मिळालेली डिक्शनरी काढली. हर्टचा पहिला अर्थ माझ्या बाजूने आहे. खालचे अर्थ बारीक टायपात आहेत. वाचले.

चष्मा बदलायला झालाय. पाणी येतं.

रविवार, १९ मार्च
तोंडी तक्रार म्हणजे तक्रारच नव्हे, हा एक्स्चेंजचा नियम. म्हणून मुलीला लेखी द्यायचं ठरवलं. मजकूर इथे उतरवून ठेवते.

‘चि. मुलीस,
दि. १२ रोजी तू वापरलेल्या शब्दाबद्दल माफी मागावी, ही माझी पहिली मागणी होती. ती मागे घेते. तो शब्द डिक्शनरीत आहे.
माझी ड्यूटी पहाटेची होती. मी निघताना तू झोपलेली असायचीस. हे मला मान्य आहे आणि त्याची चर्चा नको. परंतु मला सुट्ट्याही असत. अशा एखाद्या सुट्टीच्या दिवशी, एकदा तरी, मी तुझी वेणी घातली होती की नाही, हे नीट आठवून कळवावं. मला आठवतं आहे असं वाटतं, पण त्या आठवणीत तुझी पाठ दिसत नाही.
उत्तर फोनवर चालणार नाही. फोनवर तू मला बरं वाटावं म्हणून हो म्हणशील.
लेखी उत्तर रविवार, दि. २६ मार्च, संध्याकाळी सहाच्या आत माझ्या हाती पडावं.’