टेम्पोच्या उजव्या दारावरचा स्टिकर काढू नये

मी, निकेत धर्माजी पाष्टे, वय वर्षे एकोणतीस, धंदा सुकी मासळी विकणे, राहणार सिल्व्हर पार्क, मीरा रोड पूर्व (राहणार म्हणजे आधार कार्डावर, बाकी वर्षातले बरेच महिने मी रस्त्यावर असतो), हे मृत्युपत्र आईच्या स्वयंपाकघरात बसून लिहितो आहे. पोट रिकामं आहे पण डोकं ताळ्यावर आहे. मला कोणी पाजलेलं नाही, धमकावलेलं नाही. आई तेवढी मधून मधून विचारतेय की एवढं काय लिहितोयस, आणि मी सांगतोय की बँकेचं काम आहे. ते अगदीच खोटं नाही.

हा पाचशेचा स्टॅम्प पेपर मी खरोखर बँकेला हमीपत्र लिहून द्यायला घेतला होता. ते आता द्यायचं नाही असं ठरवलंय, का ते पुढे येईल. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, वहीच्या पानावरही चालतं, असं अनिश म्हणाला. अनिश माझा शाळेपासूनचा मित्र. स्टेशनबाहेर झेरॉक्सचं दुकान आहे त्याचं, कोर्टाचे कागद टाइप करून करून अर्धा वकील झालाय. पण पाचशे गेले ते गेले, कागद तरी कशाला वाया घालवू.

लग्न नाही, मूल नाही, मरायची घाई नाही. तरी लिहितोय, कारण मार्चमध्ये सातारच्या वाटेवर घाटात उतारावर माझा ब्रेक लागला नाही. टेम्पो दरडीला घासत घासत थांबला. मला खरचटलंसुद्धा नाही, एक पोतं जवळा मात्र रस्त्यावर सांडला आणि कुठून कुठून कावळे आले, माझं नशीब बघायला आल्यासारखे. दोन दिवस गॅरेजमध्ये गेले. त्या दोन दिवसांत इकडे आईचं काय झालं, त्यावरून हा कागद.

कलम १. घर. हा फ्लॅट आईच्या, म्हणजे सुलू धर्माजी पाष्टे हिच्या नावावर आहे. बाबांनी भाईंदरला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करून करून तो घेतला आणि चार वर्षांमागे गेले. जे माझं नाही ते मी कसं देणार? गुहागरकडे जमिनीत माझा वाटा आहे म्हणतात. तो चुलतभाऊ भूपेशदादाने ठेवावा, फणस खावेत आणि दरवर्षी एक बरका फणस माझी बहीण समिधा हिला पाठवावा. कापा पाठवला तर वाटा परत.

कलम २. बँकेतली शिल्लक. शिल्लक नाही. माझं जे खातं आहे ते ओडीचं, म्हणजे ओव्हरड्राफ्टचं. त्यात माझे पैसे नसतात, बँकेचे असतात, आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंत मी ते उचलू शकतो. मे महिन्यात उचलायचे, उत्तनच्या पालीला सुके बोंबील, जवळा, वाकट्या भरायच्या, वर देशावर लोणंद, फलटण, म्हसवडचे बाजार करायचे, आणि सीझन संपला की भरून टाकायचे. मर्यादा तीन लाख होती. एप्रिलमध्ये बँकेने एक लाख केली. मेसेज आला होता म्हणतात. मला दिवसाला कर्ज घ्या, कर्ज घ्या असे इतके मेसेज येतात, की कर्ज घेऊ नका असा एखादा येईल हे डोक्यातच आलं नाही.

मी बँकेत गेलो. नेहा मॅडम म्हणून आहेत, कर्जाच्या टेबलावर बसतात, बाई चांगली आहे.

“निकेत, तुम्ही पैसे उचलताय, पण विक्रीचे पैसे येताना कुठे दिसतच नाहीत. वर्षातून एकदा ढिगाने भरता. वरच्या ऑफिसला वाटतं, धंदा बंद आहे.”

“येतात की मॅडम. रोज येतात. आईच्या खात्यात.”

“मग लिमिट आईंनाच द्यायला हवी.”

माझ्या मागचा माणूस म्हणाला, “दे दो ना मॅडम, इनकी मम्मी को दे दो, लाइन तो आगे बढ़े.” सगळे हसले. मीही हसलो.

मॅडमनी मग उपाय सांगितला. गिऱ्हाईक मोबाईलने पैसे भरतं तो बँकेचा स्टिकर टेम्पोला लावायचा, सहा महिने पैसे ओडी खात्यात दिसू द्यायचे, आणि तसं हमीपत्र आज लिहून द्यायचं. त्या वर शिफारस करतील.

“त्याच्याबरोबर बोलणारा बॉक्स मिळतो का?”

“बॉक्स नाही. मेसेज येईल ना तुमच्या मोबाईलवर.”

“मला मेसेज कशाला? विकणारा मीच.”

आता बॉक्स. याला वेगळं कलम द्यायला हवं होतं, पण आलोच आहे इथपर्यंत.

बाबा गेले तेव्हा मी टेम्पो घेऊन पहिल्यांदा वर निघालो. त्याच आठवड्यात समिधाने आईच्या खात्याचा स्टिकर काढून आणला, कारण माझं ओडी खातं त्या बॉक्सवाल्या कंपनीला चालेना. स्टिकर लावला टेम्पोच्या उजव्या दारावर. बॉक्स बरोबर न्यायचा विसरलो. तो राहिला इथे, ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारी. मी म्हसवडच्या बाजारात उन्हात उभा राहून बोंबील विकायचो आणि इथे मीरा रोडला बॉक्स बोलायचा, “एकशे वीस रुपये प्राप्त झाले.” समिधा म्हणाली, कुरिअरने पाठवते. आई म्हणाली, राहू दे.

मी फोन करणारा माणूस नाही. काय बोलायचं ते सुचत नाही, आणि तेवढ्यात कोणीतरी हाक मारतं, मग राहूनच जातं. आईलाही साध्या फोनवर मेसेज वाचता येत नाहीत. पण बॉक्स बोलला की तिला कळतं, पोरगं उभं आहे. सकाळी पहिला आवाज आला की ती चहा घेते.

हे मला ठाऊक नव्हतं. गेल्या दिवाळीआधी न सांगता आलो. जिना चढून दाराशी उभा होतो, बेल दाबणार, तेवढ्यात आत बॉक्स बोलला, “साठ रुपये प्राप्त झाले.” देशावरची काही गिऱ्हाईकं स्टिकरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवतात आणि उधारी मागाहून सवडीने भरतात, तशी कोणीतरी भरली असणार. आणि आतून आई म्हणाली, “हो रे. जेवलास का?”

मी दाराबाहेर. ती बॉक्सला विचारतेय. मला बेल दाबता आली नाही. खाली उतरलो, सिल्व्हर पार्कच्या नाक्यापर्यंत जाऊन आलो, मग आल्यासारखा आलो. त्यानंतर कुठल्याही बाजारात कोणी मोबाईल दारासमोर धरला, की मला ओट्यावरचा तो कोपरा दिसतो. जेवलास का, हे तिने मला विचारायला हवं होतं. समोर उभा राहून ऐकायचं होतं.

मार्चमध्ये घाटानंतर दोन दिवस बॉक्स बोलला नाही. आईने समिधाला फोन केला, माझा लागेना म्हणून समिधाने पालीला केला. मी आलो तेव्हा आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, “दोन दिवस चहा गोड लागला नाही.”

कलम ३. सोसायटीचे सेक्रेटरी जितेंद्रभाई यांनी “बहु वास मारे छे” म्हणून माझा टेम्पो गेटबाहेर काढला, त्याचा राग मी तीन वर्षं जपून ठेवला होता. तो आता सोडतो. त्यांनी काढला नसता तर मी पालीला जिजाबाईंच्या अंगणात टेम्पो लावला नसता, आणि कलम ४ लिहिण्याची वेळच आली नसती. टेम्पोतली लिंबाच्या वासाची डबी माझ्यामागे त्यांना द्यावी. अर्धी शिल्लक आहे.

मित्र साहिल याने माझी निळी ताडपत्री नेली ती परत दिली नाही. त्याची त्याला लखलाभ. पण माझ्या तेराव्याला मंडपावर तीच दिसली, तर कोणीतरी त्याला मोठ्याने विचारावं.

कलम ४. टेम्पो. याआधी जिजाबाईंचं सांगतो, नाहीतर कळणार नाही. पालीला समुद्राकडच्या बाजूला त्यांच्या बोंबील वाळवायच्या वलांडी आहेत, म्हणजे बांबू रोवून त्यांवर आडव्या दोऱ्या. बोंबलांच्या जोड्या तोंडात तोंड अडकवून त्यावर टांगतात. विसार द्यायची तिथली रीत अशी, की ज्या वलांडीचा माल घ्यायचा, तिच्या खांबाशी नारळ आणि एक रुपया ठेवायचा. ठेवला की बाई दुसऱ्याला विकत नाही आणि आपण मागे फिरत नाही. मी ऐटीत सगळ्या वलांडींना नारळ ठेवले. एका आड एक ठेवावा की नाही? नाही. चांदणी बघत होती.

चांदणी जिजाबाईंची मुलगी. तिच्याबद्दल जास्त लिहिणार नाही, हा कागद अनिश वाचणार आहे.

पैसे पाठवायला मोबाईल काढला आणि पेमेंट फेल. पुन्हा फेल. बँकेने लिमिट उतरवलीय, हे मला असं त्या अंगणात कळलं.

“मंग सगलीकरं नारल कशाला ठेवलास रं?” चांदणी म्हणाली. “देवाला आलावतास का माल घ्यायला?”

“गप गं,” जिजाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “पोरा, तुजी बँक किती देतंय?”

“तिसरा हिस्सा.”

“मंग तिसरा हिस्सा ने. बाकीचा माज्या माल्यावर ऱ्हातंय. इकलास का ये, परत ने. नारल ठेवलाय तो ठेवलाय, माजा माल पलून न्हाय जात.”

“अहो, पण मग मला पंधरा-पंधरा दिवसांनी यावं लागेल.”

चांदणी वलांडीच्या पलीकडे गेली. तिकडून म्हणाली, “ये की मंग. वाट कोनी अडवलीय?”

मी टेम्पो भरून एकदा निघालो की गणपतीपर्यंत फिरकत नसे. तीन लाखांचा माल तेवढं लांब नेतो. फिरायची मला आवड आहे, खोटं कशाला बोलू, वळणापलीकडे काय आहे ते बघितल्याशिवाय मला झोप लागत नाही. पण हल्ली वळणापलीकडे गेलो की मागचं दिसायला लागतं. पालीची वाट, अंगणात लावलेल्या गाड्यांमधून आडवं होऊन जावं लागतं ती. वलांडीच्या सावल्या. आणि ओट्याचा तो कोपरा. एक लाखाचा माल पंधरा दिवसांत संपतो, मग घरी यावंच लागतं. ही गोष्ट मी नेहा मॅडमना सांगायला गेलो होतो, की लिमिट कमीच राहू द्या, हमीपत्र देत नाही. त्या म्हणाल्या, “असं कोणी सांगायला येत नाही हो.”

तर टेम्पो माझ्यामागे चांदणीला द्यावा. तिला तो चालवता येतो. पालीच्या एका भिंतीला त्याचा डावा गाल घासलाय ते तिचंच काम, आणि ती नाही म्हणते. बँकेचं तारण मालावर आहे, टेम्पोवर नाही, हे मी विचारून घेतलंय. ओडीचं जे देणं निघेल ते समिधाने आईच्या खात्यातून भरावं, ते विक्रीचेच पैसे आहेत. वजनकाटाही चांदणीला. काट्यावरून ती मला चोर म्हणायची, आता तिने वापरून बघावा.

अट एकच. उजव्या दारावरचा स्टिकर आई आहे तोपर्यंत काढू नये. बँकेने लिमिट वाढवतो म्हटलं तरी नाही. चांदणी, कुठल्याही बाजारात उभी राहा, जमेल तेवढं विक, पण सकाळची पहिली विक्री त्या स्टिकरवर घे. आईला माझं सांगितलेलं असेलच, तिला कळणार नाही असं काही नाही. तरी बॉक्स बोलू दे. रोजचा हिशेब काय तो तुम्ही दोघी बसून करा. त्या निमित्ताने तू इथे येशील. पोहे खाऊन जा.

बोंबील विकून कोणी कोणाला असं काही मागतं का, मला माहीत नाही. चांदणी, तुला साक्षीदार केलेलं नाही, कारण साक्षीदाराला काही देता येत नाही असं अनिश म्हणाला. मला तुला द्यायचं होतं.

कलम ५. हे सगळं नीट पार पाडायची जबाबदारी समिधावर. ती कटकट करेल, पण करेल. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही, आणि पुढे लग्न झालं तर हे बदलेन. कोणाशी, ते वरून कळावं.

कलम ६ लिहायचं होतं, बॉक्स कोणाला ते. पण आत्ता लिहिता लिहिता बॉक्स बोलला, “ऐंशी रुपये प्राप्त झाले.” फलटणचं गिऱ्हाईक असणार, मागच्या फेरीची उधारी. आई तव्याकडे तोंड करून भाकरी टाकत होती. वळली नाही. सवयीने म्हणाली, “हो रे. जेवलास का?”

मी म्हटलं, “नाही अजून.”

तिने भाकरी उलटली, मग वळून माझ्याकडे बघितलं. बघतच राहिली. आणि म्हणाली, “मग तो कागद उचल तिथून. ताट ठेवायला जागा कर.”

बॉक्स आईचाच आहे. कलम ६ रद्द.

ठिकाण: सिल्व्हर पार्क, मीरा रोड पूर्व
दिनांक: ११ मे २०२५, दुपारी, जेवणानंतर

लिहून ठेवणार: निकेत धर्माजी पाष्टे (सही)

निकेतने आमच्या दोघांच्या समोर सही केली, तो शुद्धीत होता, आणि आम्ही त्याच्या समोर सह्या केल्या:

१. अनिश वसंत कदम, झेरॉक्स व टायपिंग, मीरा रोड (सही)
कलम ४ मी वाचलं. पालीत कोणाला सांगणार नाही.

२. बाळाराम, जिजाबाईंचे भाऊ, मुक्काम पाली, उत्तन (सही)
मलाही वाचून दाखवलं. मी सांगणार.